माशांचा काढा

बदामाची वाळकी पानं पाण्यात घालून तासभर उकळली की घरात जो वास सुटतो तो धड काढ्याचा नसतो आणि धड ओल्या गवताचाही नसतो. माझ्या घराला तो वास आता लागलेलाच आहे. पडद्यांना आहे, माझ्या स्वेटरला आहे. लोणावळ्यात पावसाळ्यात कुठल्याच घराला चांगला वास येत नाही, त्यामुळे कुणी विचारत नाही.

हा काढा माशांसाठी करायचा असतो. माझ्या मुलानं वरच्या खोलीत काचेची मोठी टाकी मांडली होती आणि तिच्यात सात मासे होते. चॉकलेट गुरामी म्हणतात त्यांना. बोटाच्या दोन पेरांएवढे, तपकिरी, अंगावर दोन-तीन फिकट पट्टे. दिसायला अगदीच साधे. पहिल्यांदा बघितले तेव्हा मी म्हणालो होतो, एवढे लांबून मागवलेस तर जरा रंगीत तरी मागवायचेस. हे मासे मूळचे दलदलीच्या जंगलातले. तिथं ओढ्यात वर्षानुवर्षं पानं पडून कुजतात, पाणी कोऱ्या चहासारखं काळपट होतं, आंबूस होतं, आणि यांना तेच मानवतं. नितळ पाण्यात ठेवले तर भेदरतात, अंगावर बुरशी धरते आणि मरतात. म्हणून पानांचा अर्क काढून बाटलीत भरून ठेवायचा आणि पाणी बदलताना दर वेळी मोजून घालायचा. मुलगा अर्क म्हणायचा. मी काढा म्हणायचो, त्याला चिडवायला.

मुलगा आता जर्मनीत असतो. जाताना मासे माझ्या हवाली करून गेला. आम्हा दोघांत बोलण्यासारखं तेवढंच उरलं होतं, आणि ते मी कसं घालवलं ते लिहायला बसलो आहे.

त्याच्या आईला जाऊन आता काही वर्षं झाली. तो तेव्हा तिकडे शिकायला होता आणि शेवटची परीक्षा तोंडावर आली होती. हिला तापाचं निमित्त झालं, तळेगावला दवाखान्यात ठेवली आणि आठ दिवसांत ती गेली. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या आठ दिवसांत मुलगा रोज फोन करायचा आणि मी रोज सांगायचो, बरी आहे, आत्ताच झोपली आहे, उठली की बोलायला देतो. पहिले दोन दिवस ते खरं होतं. नंतर तिच्या घशात नळी होती आणि ती बोलूच शकत नव्हती. आपल्याकडे असंच करतात. परगावच्या माणसाला कशाला घोर लावायचा, पेपर होऊ देत, मग बघू. माझे वडील गेले तेव्हा मलाही 'तब्येत जरा नरम आहे, येऊन जा' एवढाच निरोप मिळाला होता आणि मी त्याचा राग धरला नव्हता.

तो घरी पोचला तेव्हा राख सावडून झाली होती. तो ओरडला नाही, भांडला नाही. फक्त एवढंच विचारलं, "ती खरंच झोपलेली होती का? एकदा तरी?"

"पहिले दोन दिवस," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि वर निघून गेला. त्यानंतर आमच्यात बोलणं म्हणजे चहा ठेवू का, गॅस संपलाय, लाइट गेली. परीक्षा देऊन तो परत आला, घरून करायची नोकरी धरली आणि दीड वर्ष वरच्या खोलीत राहिला. दोन माणसं एका घरात राहून इतकं कमी बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, हा मला एकटं सोडायला नको म्हणून राहिलाय. मग वाटायचं, नाही, हा मला बघत राहायला राहिलाय.

एक दिवस तो खाली येऊन म्हणाला, "बाबा, टाकी उचलायला हात लावता का?" टाकी जड होती. जिन्याच्या वळणावर आम्ही दोघं ती तिरपी करून धापा टाकत उभे राहिलो आणि तो हसला. मी पण हसलो. तिथून मग माशांचं बोलणं सुरू झालं. पाण्याचा आंबटपणा कसा मोजायचा, हीटर कुठं लावायचा, पावसाचं पाणी गच्चीच्या पत्र्यावरून निळ्या पिंपात कसं धरायचं. मला माशांत काडीचा रस नव्हता. पण तो बोलत होता म्हणून मी विचारत राहिलो, आणि विचारता विचारता मला सगळं यायला लागलं.

पुन्हा जर्मनीला जायचं ठरलं तेव्हा त्यानं मला काढ्याची कृती फोनवर लिहून पाठवली. पानं धुवा, घासू नका. देठ काढा. पातेलं स्टीलचं, त्यात आधी काही शिजवलेलं नको, साबण लागलेला नको. पावसाचं पाणी, पानं बुडून वर चार बोटं. मंद आंच. पाणी निम्मं होईपर्यंत. गाळून, निववून, बाटलीत भरून फ्रिजमध्ये. एका बादलीला एक टोपण. मी चौतीस वर्षं वडगावला कचेरीत कारकुनी केली, माझ्या हाताखाली कुणी इतकं मुद्देसूद टिपण लिहिलं नाही. मी तसं त्याला सांगितलंही. तो नुसता "बरं" म्हणाला, पण मला बरं वाटलं.

पानं मी जवळच्या औंढे गावाहून आणायचो. तिथं एका मुंबईकराच्या बंगल्याच्या आवारात बदामाची दोन मोठी झाडं आहेत. मालक वर्षातून चार दिवस येतो, बाकी वेळ राखणदार आणि त्याची बायको. माघात पानं लालभडक होऊन गळायला लागतात. मी पहिल्यांदा स्कूटर लावून गोणी काढली तेव्हा त्या बाईनं खराटा थांबवला.

"आबा, पानं कशाला वो न्हेता? चुलीला बी धड लागत न्हाईत ही."

"माशांना हवीत, मावशी."

"मासं पानं खात्यात व्हय?"

"खात नाहीत. उकळून पाण्यात घालायची. माझ्या मुलाचे मासे आहेत." मग मला आठवलं म्हणून विचारलं, "या झाडांवर औषध फवारतात का कधी?"

"झाडाला कोन इचारतंय हितं," ती म्हणाली आणि तिनंच ढिगातली चांगली अखंड पानं निवडून गोणीत भरायला सुरुवात केली. "पोरगं कुटं असतं?"

"जर्मनीला."

"लय लांब," ती म्हणाली. "मग मासं तुमालाच बघाय लागनार."

पुढच्या वर्षी गेलो तेव्हा तिनं एक पोतं आधीच भरून ठेवलं होतं.

ही पानं पावसाळ्यात उघडी टिकत नाहीत. लोणावळ्याच्या हवेत चामड्याच्या चपलेला आठ दिवसांत पांढरी लव येते, तिथं पानांचं काय. म्हणून ती उन्हाळ्यातच घट्ट झाकणाच्या डब्यांत भरून ठेवायची, आणि टाकीसाठी काढ्यावरच भिस्त. पंधरा दिवसांतून एकदा पातेलं चढवायचं. हिच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यातून गाळायचं. बाटलीवर तारीख लिहायची, ती माझी कचेरीची सवय. आणि रविवारी दुपारी साडेचारला मुलाचा फोन. मी फोन काचेसमोर धरायचो, तो तिकडून बघायचा. हा जरा बारीक वाटतोय. त्याची शेपटी झिजलीय का? नाही, ती सावली आहे. हीटर किती वर आहे? वीस मिनिटं, कधी पंचवीस. या सगळ्यात माझं तोंड त्याला दिसायचं नाही आणि त्याचं मला. पण आवाज यायचा. सोमवारपासून मी पुढच्या रविवारी काय सांगायचं ते मनात जमवत राहायचो. माझ्या वयाच्या माणसाला आठवड्यातून एक काम पुरतं, आणि मला ते मिळालं होतं. हे मासे जगले पाहिजेत, ते गेले तर तो फोन कशाला करेल, हे मला पक्कं माहीत होतं.

त्या श्रावणात एका सोमवारी मी पातेलं गॅसवर ठेवलं आणि पेपर वाचता वाचता खुर्चीतच डोळा लागला. करपल्याच्या वासानं जाग आली. पाणी आटून पानांचा कोळसा झाला होता. पातेलं राखेनं घासलं, उकळत्या पाण्यानं धुतलं, पण जळका वास जाईना. बाहेर पाऊस असा की समोरचं घर दिसत नव्हतं. बाजारात जाऊन नवं पातेलं आणायचं तर पंधरा मिनिटांचं काम. मला कंटाळा आला. एवढंच कारण, दुसरं काही नाही.

माळ्यावर हिचं तांब्याचं तपेलं होतं. तिच्या आईनं लग्नात दिलेलं, आंघोळीचं पाणी तापवायचं. आमच्याकडे गिझर आला तरी तिनं ते मोडीत काढू दिलं नव्हतं. त्यात कधी काही शिजलं नव्हतं, साबण लागला नव्हता, मुलाच्या सगळ्या अटी पाळल्या जात होत्या. फक्त ते स्टील नव्हतं. त्याचं मला काही वाटलं नाही, उलट आनंदच वाटला. तांब्याच्या भांड्यातलं पाणी शुद्ध. देवाचं तीर्थ तांब्यात, रात्रभर ठेवून सकाळी प्यायचं पाणी तांब्यात. रविवारी सांगू म्हटलं त्याला, तुझ्या स्टीलपेक्षा आपलं तांबं चांगलं.

आता, ताक किंवा चिंचेची आमटी बिनकल्हईच्या तांब्यापितळेत ठेवायची नाही, कळकते, हे आमच्या घरातल्या मांजरालाही माहीत होतं. हिनं पाहुण्यांच्या देखत मला त्यावरून बोल लावले होते, कोशिंबीर चुकीच्या वाटीत काढली म्हणून. पण हे तर पाणी, असं मी धरून चाललो. पानांचं पाणी आंबट असतं, आंबट व्हावं म्हणूनच ते करायचं असतं, हे मुलानं मला पन्नास वेळा सांगितलेलं. मी स्वतः ते मोजत होतो. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही.

काढा फार सुरेख झाला. नेहमीपेक्षा गडद. तपेल्यातच रात्रभर निवत ठेवला. सकाळी गाळून घेतला तर तपेलं आतून नव्यासारखं गुलाबी झालेलं. कित्येक वर्षांचा काळपटपणा गेला होता. मी ते खिडकीशी नेऊन बघितलं आणि स्वतःवर खूश झालो.

बुधवारी पाणी बदललं आणि तीन टोपणं घातली. संध्याकाळी मासे वर आले होते. पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंडं लावून, पर अंगाला चिकटवून, नुसते उभे. मी घाबरलो. मासे भेदरले की थोडा जास्त अर्क घालावा, त्यांना बरं वाटतं, असं मुलानंच सांगितलं होतं. गुरुवारी सकाळी दोन तळाशी पडलेले होते. मी अर्धी बाटली ओतली. शुक्रवारी आणखी एक गेला आणि शनिवारी दोन. मी उरलेली बाटली ओतली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात ना, तेही इतकं वाईट नसतं, त्यात निदान मारुती तरी होतो.

पाच दिवसांत एकदाही मी मुलाला फोन केला नाही. फोन हातात घेतला होता, दोनदा. मग वाटलं, तो कामात असेल, रविवारपर्यंत बघू, तोवर उरलेले सावरतील. रविवारी साडेचारला फोन आला तेव्हा टाकीत दोन मासे जिवंत होते. मी फोन त्या दोघांवर धरला.

"बाकीचे?" त्यानं विचारलं.

"पानांमागं आहेत. पावसानं गारठलेत जरा."

"हे दोघे वर का आलेत?"

"खायला. आत्ताच घातलं."

त्या क्षणी सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, आधी पाणी बदला, सगळं बदला, अर्क घालू नका. कदाचित दोन वाचले असते. मला हे तेव्हा माहीत नव्हतं, पण सांगावं एवढं तर माहीत होतं. सोमवारी सकाळी ते दोघेही तळाशी होते. सातही मासे मी जास्वंदीच्या बुंध्याशी पुरले.

कशानं मेले ते मला पुढच्या आठवड्यात कळलं. तपेलं पुन्हा माळ्यावर टाकण्याआधी बाहेरून घासून घ्यावं म्हणून चिंच भिजवली. चोळता चोळता बाहेरची बाजू गुलाबी झाली आणि आतल्यासारखीच दिसायला लागली. आत मी चिंच लावलेली नव्हती. आतलं ते सगळं तांबं काढ्यात उतरलं होतं, आणि मी ते टोपणांनी, मग अर्ध्या बाटलीनं, मग उरलेल्या बाटलीनं त्यांना पाजलं होतं. मी न्हाणीघरातल्या पाटावर बसलो आणि बराच वेळ उठलो नाही. रडलो असं नाही. स्वतःची इतकी किळस मला हिच्या वेळीही आली नव्हती, आणि तेव्हा यायला हवी होती.

तेव्हाही सांगता आलं असतं. चूक झाली, तपेल्यानं झाली, वेडा म्हातारा आहे तुझा बाप. पण मग रविवारी साडेचारला काय? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून मी बाजारात गेलो आणि नवं स्टीलचं पातेलं घेऊन आलो.

पुढचे दोन महिने मी रिकाम्या टाकीसाठी काढा करत होतो. आधीपेक्षा मन लावून. पानं निवडून, मंद आंचेवर, तारीख लिहून. आता बादलीला एक टोपण नाही, चार घालत होतो. पाणी इतकं गडद झालं की टाकीची मागची काच दिसेना. तळाशी मी पानांचे थर रचले. हे मासे लपणारे, रंगानं पानांसारखे, पावसाळी उजेड कमी, सगळं माझ्या पथ्यावर पडलं. रविवारी मी फोन धरायचो आणि म्हणायचो, तो बघ, डावीकडे, गेला आत. तो म्हणायचा, दिसला नाही. मी म्हणायचो, तुझ्या फोनवर नीट दिसत नसेल. हीटर चालू ठेवला होता. रोज सकाळी चिमूटभर खाद्य टाकायचो, का ते मला सांगता येणार नाही, आणि ते कुजू नये म्हणून संध्याकाळी जाळीनं काढायचो.

भाद्रपदात त्याचा आवाज उतरायला लागला. "बाबा, नुसतं पाणीच दिसतंय," तो म्हणाला, आणि फोन सात मिनिटांत संपला. पुढच्या रविवारी पाच. मी घड्याळ बघत होतो. तिसऱ्या रविवारी तो "ठीक आहे, मग" म्हणायला लागला आणि मी म्हणालो, "एक मादी खात नाहीये. गाल फुगल्यासारखे वाटतात."

मग तो म्हणाला, "काय?"

हे मासे अंडी तोंडात धरतात. मादी दोन आठवडे तोंड मिटून उपाशी राहते आणि मग पिल्लं बाहेर सोडते. घरच्या टाकीत हे फार क्वचित होतं, असं त्यानंच मला सांगितलं होतं. टाकी मांडल्यापासून तो त्याची वाट बघत होता.

"नक्की फुगलेत? दोन्ही बाजूंनी?"

"दोन्ही बाजूंनी," मी म्हणालो.

तो हसला. जिन्यात हसला होता तसा. म्हणाला, बाबा, तुम्ही कमाल केलीत. त्याच्या तोंडून हे ऐकून मला जे वाटलं ते लाज नव्हती. लाज नंतर आली. आधी मला आनंदच झाला, खराखुरा.

त्यानं बुधवारी फोन केला. आई गेल्यापासून त्याचा मधल्या वारी फोन कधी आला नव्हता. मग शुक्रवारी. टाकीजवळ जाऊ नका, दचकवू नका, फोटो काढू नका, असं सांगून तो इतर गोष्टींवर यायचा. त्याच्या इमारतीत लिफ्ट नाही. खालची म्हातारी त्याला केक देते आणि त्याला तो आवडत नाही. त्यानं पोहे केले, त्यांचा गिचका झाला. "पोहे भिजवायचे नाहीत, नुसते धुवायचे," मी म्हणालो. "आई भिजवायची," तो म्हणाला. "धुवायची," मी म्हणालो. आम्ही आईबद्दल बोलत होतो आणि आवाज कुणाचाच चढला नव्हता. तुम्ही जेवता ना वेळेवर, असंही त्यानं विचारलं. त्या दिवसांत मला झोप चांगली लागायची.

पुढचं सगळं मी ठरवून ठेवलं होतं. चौदाव्या दिवशी सांगायचं, अंडी गिळली तिनं. पहिल्या खेपेला बरेचदा गिळतात, हेही त्यानंच सांगितलेलं. तो हळहळला असता, मी समजूत घातली असती. मग एकेक मासा म्हातारपणानं गेला असता, वर्षभरात, सावकाश.

तेराव्या दिवशी सकाळी तळेगावहून त्याचा शाळेपासूनचा मित्र आला. तोही माशांचा नादिष्ट. पिल्लांना लागतं ते बारीक खाद्य घेऊन आला होता, लहानशा बाटलीत, सदऱ्याच्या खिशात. मुलानं मला न सांगता त्याला पाठवलं होतं. बाबांना एकट्याला जड जायला नको म्हणून, असं तो म्हणाला.

मी चहा ठेवतो म्हटलं. तो म्हणाला, आधी बघू द्या, काका. वर जाऊन तो टाकीसमोर मांडी घालून बसला. दहा मिनिटं पाण्यात बघत राहिला. मग त्यानं फोनचा दिवा काचेला लावला. आश्विनातलं स्वच्छ ऊन खिडकीतून आलेलं होतं आणि त्यातही पाणी तसंच काळं.

"पाणी फारच गडद ठेवलंय तुम्ही."

"त्यांना लागतं," मी म्हणालो.

"काका, कुठायत?"

"पानांमागं."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग बाही वर सरकवली, एक ताट मागितलं आणि पाण्यात हात घालून एकेक पान काढायला लागला. मी त्याला थांबवू शकलो असतो. मादी दचकेल म्हणायचं, बस. पण मी ताट धरून उभा राहिलो आणि तो त्यात पानं ठेवत गेला, अलगद, हळू, खाली मासा असेल तर त्याला धक्का लागू नये म्हणून. तळाची वाळू उघडी पडेपर्यंत त्यानं ती काळजी सोडली नाही.

"त्याला सांगू नकोस," मी म्हणालो.

कोपरापासून पाणी गळत होतं ते त्यानं रुमालानं पुसलं. "काका, तो तिकडे फोटोची वाट बघतोय."

"दिसले नाहीत म्हण. लपले होते म्हण."

तो म्हणाला, "मला नाही जमणार." चहा न घेताच गेला. खाद्याची बाटली टाकीच्या झाकणावर ठेवून गेला.

मुलाचा फोन दुपारी आला. शनिवार होता. पहिल्यांदाच त्याचा चेहरा दिसला, कारण माझ्याकडे काचेसमोर धरायला काही नव्हतं. तो वाळला होता. केस मागं गेलेत त्याचे, माझ्यासारखे.

"कधी गेले?"

"श्रावणात."

"सगळे?"

"पाच दिवसांत. तपेल्यात उकळला मी काढा. हिच्या. तांब्याच्या."

त्यानं डोळे मिटले. मला वाटलं आता ओरडेल, आणि ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "ते कुणाकडूनही झालं असतं, बाबा. मी काही बोललो नसतो." मग थांबून, "अंडी?"

"नव्हती."

"मग मी इतके दिवस कशाबद्दल बोलत होतो?"

मी फोन दुसऱ्या हातात घेतला.

"आईच्या वेळी," तो म्हणाला, "तुम्ही घाबरला होतात, म्हणून सांगितलं नाहीत. मी इतकी वर्षं स्वतःला तसं समजावलं होतं. कठीण गेलं, पण समजावलं. पण इथं घाबरण्यासारखं काय होतं? मासे होते हो." तो चिडून बोलत नव्हता. शाळेतलं गणित परत परत तपासून बघावं तसा बोलत होता.

तू फोन करायचा बंद होशील, याला मी घाबरलो होतो. हे मी म्हणायला हवं होतं. ते एकच खरं वाक्य माझ्याजवळ होतं. पण तेही त्याला आणखी एक युक्ती वाटेल, असं वाटलं आणि मी गप्प राहिलो.

मागं त्याच्या खोलीत नळ ठिबकत होता, तो ऐकू येत होता. शेवटी त्यानं विचारलं, "तुम्ही बरे आहात ना?"

"बरा आहे मी," मी म्हणालो. आणि होतोही. दोनच दिवसांपूर्वी सगळ्या तपासण्या करून आलो होतो, रक्त, साखर, छातीचा आलेख, डॉक्टर म्हणाले होते की या वयाला याहून चांगलं काय असतं.

तो माझ्याकडे बघत राहिला. फुगलेले गाल खरेच फुगलेत का, ते बघावं तसा.

"खरंच," मी म्हणालो. "रिपोर्ट आहे माझ्याकडे. कागद दाखवू का?"

"नको," तो म्हणाला.